बँड ऐकू न येणारी जागा

मानपाड्याचा आमचा घोडीवाला बोलताना मान झटकतो, अगदी त्याच्या घोडीसारखी. वरातीत नाचणाऱ्या त्या घोडीला दमा जडला. डॉक्टरांनी नाच बंद करायला सांगितला, पण बँड वाजला की ती नाचायचीच आणि मग धापा टाकत बसायची. तेव्हा हा तिच्यासाठी नवं घर शोधू लागला आणि मी रिकामा दिसतो म्हणून मलाही सोबत फिरवू लागला.

घोडबंदर रोडचा एक बंगला मला फारच आवडला. याने मात्र कान टवकारून विचारलं, "शेठ, इथे बँड ऐकू येतो?"

"समोरच तर लग्नाचा हॉल आहे!" मालक अभिमानाने म्हणाले.

"चला काका," हा मला म्हणाला, "मरेल ती इथे."

शेवटी कल्याणपलीकडे एका आजीचा गोठा त्याला पसंत पडला. "इथं बेडकांशिवाय कोन वाजवतंय रे?" आजी म्हणाली. घोडीला बांधून, डोळे पुसून हा निघाला, तोच खिशातला फोन वाजला. रिंगटोन वरातीच्या बँडची! घोडीने लगेच पाय उचलला. याने फोन सरळ पाण्याच्या हौदात टाकला.

आता त्याच्या नव्या फोनवर कोंबडा आरवतो.