बोंबलाच्या दोरीवर इंग्रजी

उत्कर्षाबाई मूळच्या जळगावकडच्या. नवरा बोईसरच्या कारखान्यात आणि त्या सातपाटीच्या शाळेत चौथीला इंग्रजी शिकवायच्या. शब्दाच्या पुढे-मागे लागणारे तुकडे मुलांच्या डोक्यात शिरेनात, म्हणून त्यांनी वर्गात दोरी बांधून चिमट्यांनी शब्दांच्या चिठ्ठ्या टांगल्या.

तेवढ्यात वर्गातल्या तेजलची आजी दारात उभी. बोंबील सुकवायला हात कमी पडत होते, म्हणून ती नातीला न्यायला आली होती. आज गेलेली तेजल हंगाम संपेपर्यंत परतायची नाही, हे बाईंना पक्के ठाऊक होते.

आजीची नजर मात्र दोरीवर गेली. "बाय, ही कोनी बांदली? चार बोंबील टांगले तर भुईला टेकतील."

"मीच, आजी. आमच्याकडे केळी पिकतात."

"दिसतंय," म्हणत आजीने गाठ सोडून दोरी ताणून बांधली.

तेजलने 'हॅपी'च्या आधी 'अन' टांगले. "आजी, हा आता नाखूश झाला."

"एवढ्याशा तुकड्यानं?" आजीने ती चिठ्ठी काढली. "आता?"

"आता परत खूश."

आजीने ती पुन्हा लावून पाहिली, पुन्हा काढली. मग बाईंना म्हणाली, "पोरीला राहू दे शालेत, बोंबील आमी टांगू. पन रोज सांजेला हिनं मला असं एक करून दाखवायचं."