शपथेत नसलेला खर्रा

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं आहे. लग्न, बारसं, तेरवी, कुठंही लोक मला खुर्ची देतात आणि मग पस्तावतात. पांढरकवड्यातल्या आमच्या मुलीच्या कॉलेजनं व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला पालकांमधून एक वक्ता मागितला, तेव्हा माझं नाव निघालं याचं मला नवल वाटलं नाही. बायकोला वाटलं. पोरं दारू सोडतील की नाही माहीत नाही, म्हणाली, पण कॉलेज नक्की सोडतील.

पोरांना द्यायची शपथही मीच लिहिली. त्यासाठी पालकांची बैठक आमच्याच ओसरीवर झाली. दारू, गांजा, सिगारेट, झोपेच्या गोळ्या, पंक्चरचं सोल्युशन असं एकेक मी मोठ्यानं वाचत होतो आणि माझ्या शेजारी दोन पालक मांडीवर प्लॅस्टिकची पन्नी ठेवून तळहातानं खर्रा घोटत होते. सुपारी, तंबाखू, चुना. आमच्याकडं पाहुण्यापुढं चहाच्या आधी खर्रा येतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. मलाही चिमूट आली. मला खर्ऱ्यानं उचकी लागते म्हणून मी नको म्हटलं, आणि हा जणू माझा मोठा सद्गुणच, अशा चेहऱ्यानं पुढचं वाक्य वाचलं. गाव हायवेवरचं, ट्रकमधून काय काय उतरत असेल, याची सगळ्यांना काळजी होती. मुलगी चहा घेऊन आली, कप ठेवले, आत गेली.

कार्यक्रम छान झाला. पोरं हसली, शेवटी हात पुढं करून शपथ घेतली. माझी मुलगी पहिल्याच रांगेत होती आणि तिचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता. बापाची छाती फुगायला एवढं पुरे. त्याच भरात मी तिला बसस्टँडजवळच्या गुपचुपच्या गाडीवर घेऊन गेलो.

पाण्यानं भरलेली अख्खी पुरी तोंडात टाकायची, तोंड मिटायचं आणि गुपचूप बसायचं, म्हणून आमच्याकडं ती गुपचुप. यात आम्हा बापलेकीची जुनी शर्यत. पण हल्ली ही बया पुरी द्रोणात चुरून, बोटानं खायची. ठेचा तर कधीचाच सोडला होता. भाकरीचे चिमणीच्या घासाएवढे तुकडे करायची. तिच्या आईला वाटे, बारीक व्हायचं खूळ असेल. मी तिला महाराणी म्हणायचो.

"आज अख्खी खाऊन दाखव," मी म्हटलं, "नाई तर हारली म्हण."

तिनं पुरी उचलली. दातांशी नेली आणि ती तिथंच अडली. फुटली. पाणी हनुवटीवरून ओढणीवर सांडलं. मी हसलो, गाडीवालाही हसला. मग मला तिचं तोंड दिसलं.

"आ कर," मी म्हटलं, लहानपणी म्हणायचो तसं.

"केलाच आहे, बाबा."

वरच्या आणि खालच्या दातांमध्ये माझी दोन बोटंही गेली नसती. मी गाडीवाल्याला पैसे दिले की नाही, मला आठवत नाही. तिला बाकावर बसवलं आणि ती बोलत गेली. पहिल्या वर्षी परीक्षेच्या वेळी मैत्रिणीकडं अभ्यासाला जायची, झोप उडावी म्हणून एकीनं खर्ऱ्याची पन्नी काढली, हसत हसत सगळ्यांनी खाल्ला. मग परीक्षा संपली तरी सकाळ त्याच्याशिवाय सुरू होईना. हे ती सांगत होती आणि मी आपला दारूचा वास कसा येतो, डोळे कसे लाल होतात, हे सारं तासभर स्टेजवरून सांगून आलेला माणूस.

मी म्हटलं, अगं, तू आत्ताच शपथ घेतली ना?

"शपथेत खर्रा कुठी होता?" ती म्हणाली. उर्मटपणा नव्हता त्यात. "मी ध्यान देऊन ऐकली. असता तर म्या हात पुढं नसता केला. मले वाटलं, तुम्ही एवढं सारं लिहिलं, अन् हे नाई लिहिलं, म्हणजे नशा नसंन."

यवतमाळला दातांच्या डॉक्टरबाईंनी तिच्या गालाला आतून बोट लावून पाहिलं. सुपारीनं आतली कातडी आवळत आली आहे, म्हणाल्या. ही आज खायची थांबली तर हे बहुतेक इथंच थांबेल, रोज व्यायाम केला तर थोडं उघडेलही. नाही थांबली तर? असं बायकोनं विचारलं. त्यांनी सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

घरी आल्यावर मला वाटलं, सुटलो. बायकोनं ओसरीवर पन्नी बंद केली. माझा थोरला साळा, पाहुण्याले हाकलून राह्यले म्हणत, चहा न घेता गेला. मुलगी दातांत आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून तोंड ताणायची. मग एका दुपारी लाइट गेलेली, ती आईवर उगाच ओरडली आणि माझ्यापाशी येऊन बसली.

"बाबा, एक आणून द्या. अर्धाच खाईन. तुमच्यासमोर खाईन."

सहलीसाठीसुद्धा कधी हट्ट न केलेली माझी पोरगी गयावया करत होती. मला वाटलं होतं, नशा म्हणजे झिंगणं.

"नाई," मी म्हटलं.

ती माझ्या खांद्यावर डोकं आपटून रडली. बऱ्याच वेळानं थांबली.

"उद्या मांगीन, तरी देऊ नका."

"नाई देत."

"म्या तुमाले काही बोलली तरी?"

"बोल."

ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि काड्या शोधायला आत गेली.