दुधाचं लुगडं

चारचौघांत उभं राहायचं म्हटलं की चंद्रभानला घाम फुटायचा. लग्नात फोटोची हाक आली की हा माणूस वरणाची बादली उचलून पंगतीत शिरायचा. साठी उलटली तरी सवय गेली नव्हती. दर्यापूरच्या पुढच्या त्या गावात सगळे त्याला ओळखत, पण त्याचा आवाज कसा आहे असं कुणी विचारलं असतं, तर पुष्कळांना आठवून पाहावं लागलं असतं.

आवाज होता तो त्याच्या बायकोला, दुर्गाबाईला. ती कोठ्यात, म्हणजे घरामागच्या गोठ्यात, म्हशीशी बोलायला लागली की गल्लीला वेळ कळायची. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदी. आई लवकर मेलेलं ते पारडू दुर्गाबाईनं बोटावर दूध चाटवून वाढवलं होतं. त्यामुळे चांदीचं जग म्हणजे दुर्गाबाईचा हात, तिचा आवाज आणि तिचं ते दुधाचं लुगडं. विटक्या हिरव्या रंगाचं, विरलेलं, शेणाचा आणि सरकीच्या ढेपेचा वास सुतासुतात मुरलेलं. दूध काढताना ती तेच नेसायची.

यंदा पौषात दुर्गाबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला गेली. लेक मंजुषा जठारपेठेत राहते, तिच्याकडे मुक्काम. जीपमध्ये चढता चढता तिनं एकच सांगितलं, "बाकी सारं राहू द्या अवो, पन माह्या चांदीले जपा."

पहिल्याच संध्याकाळी चांदीनं बकेट लाथाडली. चंद्रभाननं फोन लावला.

"माह्यं दुधाचं लुगडं गुंडाळा आंगाले," दुर्गाबाई म्हणाली. "आन् डोक्यावरून पदर घ्या."

"मी? गडी मानूस हावो मी!"

"मंग थे चांदीलेच समजावून सांगा."

तेव्हापासून चंद्रभान कोठ्याचं दार आतून लावून घेऊ लागला. अंगातल्या कपड्यांवर लुगडं, डोक्यावर पदर, आणि अगदी हळू, बायकोच्या सुरात, "हं, सर वं माय, सर." चांदी पान्हा सोडायची. तो बाहेर येण्याआधी लुगडं उतरवून मधल्या खोलीतल्या खुंटीला टांगायचा, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून गल्लीत डोकावायचा.

समोरच्या पुंजाजीला दाराचं मात्र कळलं होतं. "काय बे चंद्र्या, दार लावून म्हशीसंग काय गुजगोष्टी करतं?"

चंद्रभान मान खाली घालून निघून जायचा. पुंजाजीला हे कळलं तर आपल्याला गावात तोंड दाखवायला जागा नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

आणि एका दुपारी घर पेटलं.

पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. मीटरजवळची वायर चरचरली, ठिणगी कापसावर पडली आणि कापूस वरच्या वर भुर्रकन पेटला. मधल्या खोलीत पडलेला चंद्रभान धुरानं ठसकत उठला, स्वयंपाकघरातून कोठ्यात आणि कोठ्याच्या दारातून बोळीत आला. लोक धावले. कुणी मोटर चालू केली, कुणी बंबासाठी दर्यापूरला फोन लावला. पुंजाजी ओरडत होता, "म्हैस काढा आधी! कुटाराले आग लागली त काही खरं नाई!"

कोठ्याचं अर्धं अंग सोयाबीनच्या कुटारानं, म्हणजे मळणीनंतरच्या भुशानं, भरलेलं. शेजारचा अमोल, पैलवानी अंगाचा, आत घुसला. त्यानं विळ्यानं दावं कापलं, ओढलं, पाठीत काठी घातली. चांदी दाराकडे येण्याऐवजी मागे मागे सरकत कुटाराच्या कोपऱ्यात गेली आणि शिंगं खाली करून उभी राहिली. डोळे पांढरे झालेले. अमोल कसाबसा बाहेर आला. "नाई येत थे! मारते!"

तोच चंद्रभान वळला आणि कोठ्यातून स्वयंपाकघराच्या दारानं परत धुरात शिरला.

"सोन्यासाठी गेला," कुणी तरी म्हणालं. "कपाट मधल्या खोलीतच हाये ना."

कपाट तिथंच होतं. चंद्रभान त्याला घसटून गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ते विटकं लुगडं होतं.

"अबे, डोकं फिरलं का तुह्यं?" पुंजाजी किंचाळला. "घर जळून राहिलं, आन् हे फाटकं लुगडं काहाले काढलं?"

सगळं गाव बोळीत उभं. चंद्रभाननं एकदा त्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं. मग त्यानं लुगडं कमरेला गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला आणि दाराशी पालथी पडलेली बकेट उचलली.

पुरुषानं लुगडं नेसून लोकांपुढे येणं आपल्याकडे नवं नाही. पण तिथं तोंडाला रंग असतो, मागे पेटी असते, आणि चुकलंच तर पडदा पाडणारा माणूस असतो. इथं यातलं काही नव्हतं. इथं फक्त आग होती आणि एक लाजाळू म्हातारा होता.

तो धावला नाही. हे ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. रोज संध्याकाळी दुर्गाबाई जशी डाव्या पायावर किंचित दबत जाते, तसाच तो गेला. हातात बांगड्या नव्हत्या, म्हणून बकेटीची कडी किणकिण वाजवत गेला. वरून ठिणग्या पडत होत्या. धुरातून फक्त आवाज आला. हळू नव्हता तो आता. भरलेला, मोकळा, गल्लीला ओळखीचा.

"काय झालं वं माह्या बाई? घाबरली काय? चाल. हं, चाल वं माय."

चंद्रभान आत गेलेला पाहूनही, ही दुर्गाबाईच बोलते की काय, म्हणून बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

चांदीनं नाक पुढे केलं. लुगड्याचा वास घेतला. पुन्हा घेतला. चंद्रभान तिच्याकडे पाठ करून दाराकडे चालू लागला, दुर्गाबाईच्याच चालीनं, मागे वळूनही न पाहता. आणि ती पैलवान अमोललाही न आवरलेली म्हैस त्या पदरामागे वासरासारखी बाहेर आली.

बोळ आपोआप मोकळी झाली. दोघं पारापाशी पोचतात न पोचतात, तोच मागे कुटारानं पेट घेतला आणि कोठ्यावरचे टिन तडतडू लागले. बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. पुंजाजीनं पदराच्या टोकाशी धुमसणारी ठिणगी हातानंच चुरगाळली.

बंबानं आग विझवली तोवर दिवस कलला होता; कापूस गेला होता, कपाट काळं पडलं होतं. कुणी तरी अकोल्याला कळवलं, तसा मंजुषाचा फोन आला आणि तिच्या हातून दुर्गाबाईनं घेतला.

"चांदी?" तिनं विचारलं.

"उभी हाये. माह्याजवळ."

"आन् तुमी?"

"मी बी हावो," चंद्रभान म्हणाला. "तुह्यं लुगडं नेसून. साऱ्या गावापुढं."

मग दुर्गाबाई म्हणाली, "मंग आता उतरवू नका. धाराची वेळ झाली."

खरंच झाली होती. चांदीची कास ताठली होती. दार लावून घ्यायला कोठा उरला नव्हता. चंद्रभान तिथंच, पाराजवळ, सगळ्यांच्या देखत उकिडवा बसला. पदर सारखा केला.

"वहिनी," पुंजाजी म्हणाला. "आमाले घोटभर दूध भेटन का?"

"भांडं आन आधी!" चंद्रभान दुर्गाबाईच्या सुरात कडाडला, आणि त्या जळक्या वासात सगळा पार हसला. पुंजाजी खरंच भांडं आणायला गेला.

मग बकेटीत पहिली धार वाजली, तसं हसणं थांबलं. चांदीनं डोळे मिटले होते. लोक तिच्याभोवती उभे होते, आणि चंद्रभान मान वर करून सगळ्यांकडे पाहत दूध काढत होता.