एका मुठीच्या पुड्या

सारजाबाई गप्प झाली होती, आणि ते द्वारकाबाईंच्या मनातून काही केल्या जात नव्हतं. आधी वाटलं, गुडघे दुखत असतील. मग वाटलं, मुलाशी, सिद्धूशी, बिनसलं असेल. विचारलं तर एकच उत्तर, "काय न्हाय, वैनी. वय झालं आता."

आणि ही तीच सारजा, जिच्या बडबडीनं वालचंदनगरच्या कॉलनीतलं त्यांचं क्वार्टर दणाणून जायचं. कळंबहून सकाळच्या एस.टी.नं भाजणीच्या कामाला यायची आणि दारातूनच मिसरीचं बोट झाडत ओरडायची, "वैनी, कढई तापवा, न्हायतर माजं डोस्कं तापंल!"

तिचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. दसरा-दिवाळी उरकली की नवरा तात्याबा मेंढरं घेऊन कोकणाकडं निघायचा, आणि पाठीवर पोर, घोड्यावर बिऱ्हाड टाकून सारजा त्याच्या मागं. रोज नवं शिवार, तीन दगडांची चूल, ओलं सरपण. तिथं भाजत-कुटत कोण बसणार? म्हणून निघायच्या आधीच सगळं भाजून, दळून, कोरडं करून घ्यायचं आणि पुड्या बांधायच्या. मुक्कामाची पुडी वेगळी, माणशी एक मूठ. पुडी सोडायची, उकळत्या पाण्यात टाकायची, कालवण तयार. तात्याबा गेला, मेंढरं विकली, सिद्धूनं कालव्याच्या पाण्यावर ऊस लावला. सारजाच्या हातात भाजणी तेवढी राहिली. तिचा तोराही होता. दुसऱ्या बाईची भाजणी तिला जन्मात पसंत पडली नाही. स्वतःचं मेतकूट एकदा करपलं, तेव्हा मात्र म्हणाली, "माजा हात न्हाय चुकला. तुमच्या ग्यासला अक्कल न्हाय."

द्वारकाबाईंची लेक दिपाली बारामतीत दिली होती. तिथंच एका खाजगी शाळेत शिकवायची. दिवसभर शाळा, संध्याकाळी सासरचा स्वयंपाक. पोरगी वाळत चालली, असं द्वारकाबाईंना दर भेटीत वाटायचं. स्वतः बी.ए. झाल्या होत्या, पण मुलगी काय खाते या एका प्रश्नापुढं त्यांचं शिक्षण चालत नसे. मग सारजाच्या पुड्यांनी मार्ग काढला. थालीपीठाची भाजणी, फोडणी घालून भाजलेला रवा, आणि येसूर, म्हणजे बाजरी, हरभऱ्याची डाळ नि खडा मसाला भाजून केलेलं आमटीचं पीठ. पुडी दोन मुठींची, नवराबायकोपुरती; सासूबाईंना बाहेरचं पीठ चालत नसे. बाजाराच्या दिवशी सारजाच पिशवी घेऊन बारामतीला जायची आणि शाळेत पोचवून यायची.

दिवाळीनंतर दिपालीचं माहेरी येणं थांबलं. दर रविवारी बूथवरून फोन यायचा. "सासूबाईंना घरी फोन आलेला चालत नाही, आई. तू करू नकोस, मीच करत जाईन." संक्रांतीला विहीणबाईंनी तिळगूळ पाठवला, वर निरोप, सूनबाईंना सुट्टी नाही. द्वारकाबाईंनी तो तिळगूळ शेजारीपाजारी कौतुकानं वाटला.

होळीच्या आधीची दुपार. येसूर भाजून, गिरणीतून दळून आलं होतं. सारजा स्वयंपाकघराच्या फरशीवर फतकल मारून पुड्या बांधत होती. द्वारकाबाई चहा घेऊन आल्या आणि थांबल्या. सारजानं कागदावर एक मूठ टाकली, दोरा गुंडाळला, पुडी बाजूला ठेवली. दुसऱ्या कागदावर पुन्हा एक मूठ.

"सारजाबाई, दोन मुठी ना?"

सारजानं दोऱ्याला गाठ मारली.

"अहो, एका मुठीत दोघांचं काय होणार?"

सारजानं तिसरी पुडी बांधली. तीही एका मुठीची. मग हात झटकून ती द्वारकाबाईंकडं नुसती बघत राहिली.

कप द्वारकाबाईंनी ओट्यावर ठेवला. "जावईबापू बाहेरगावी आहेत का?"

"न्हाय."

"मग?"

"मला बोलाया लावू नगा, वैनी. भंडारा उचललाय मी. बिरोबाचा."

धनगराच्या बाईनं तळहातावर भंडारा घेऊन आण घेतली की जीव गेला तरी ती मोडत नाही, हे द्वारकाबाईंना ठाऊक होतं. सारजाच्याच गोष्टींतून ठाऊक होतं. त्याच गोष्टी ऐकत दिपाली लहानाची मोठी झाली होती. हे तोंड कशानं बंद होतं, हे तिला बरोबर माहीत होतं.

"दिपालीनं उचलायला लावला?"

सारजानं दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ती एकटी राहतेय? सासर सोडलं तिनं?"

सारजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं पिठाच्या हातानं पुसलं, आणि गालावर येसूर लागलं.

"कधीपासून? दिवाळीपासून?" द्वारकाबाईंचा आवाज चढला. "आणि तू इथं दर पंधरा दिवसांनी येऊन माझा चहा पीत होतीस!" आजवर सारजाबाईंना त्या कधी 'तू' म्हणाल्या नव्हत्या.

"तोंडाला आण हुती, वैनी. हाताला न्हवती. गेल्या बारीलाबी एकाच मुठीच्या बांधल्या. तुमी बघितल्या न्हाईत."

"म्हणजे आता चूक माझी?"

"तसं कुठं म्हंते मी?"

"मग काय म्हणतेस? विहीणबाई तिळगूळ पाठवतात, पोटची पोर फोनवर हसून बोलते, तू पुड्या पोचवतेस. सगळ्यांना ठाऊक. एक मीच तेवढी वेडी! आणि तुला बरं वाटलं असेल ना? आईला नाही सांगितलं, सारजामावशीला सांगितलं."

सारजानं फरशीवर सांडलेलं पीठ बोटानं गोळा केलं. मग म्हणाली, "वाटलं. खोटं कशाला बोलू? पयल्या दिशी लई बरं वाटलं. मग झोप गेली."

या खरेपणानं द्वारकाबाई आणखीच जळाल्या. खोटं बोलली असती तर हाकलून देता आलं असतं.

"मारत होता का तो? एवढं तरी सांग."

"इचारू नगा मला." सारजानं पदराचा बोळा तोंडाला लावला आणि मान खाली घातली. उत्तर मिळालं होतं.

द्वारकाबाई मधल्या खोलीत आल्या. फोनला भरतकामाचा रुमाल घातला होता, तो त्यांनी ओढून काढला. आधी विहीणबाईंचा नंबर आठवला. त्या तिळगुळाचा एकेक दाणा परत तोंडावर मारावा असं वाटत होतं. मग यजमानांचा, दादासोंचा आठवला. कारखान्यात फोन केला तर ते म्हणणार, थांब, आधी जावयाशी बोलू, लोकांत बोभाटा नको. आणि दिपालीला नेमकी याचीच धास्ती असणार. आईला कळलं की वडिलांना कळणार, मग चार माणसं बसणार, आणि आपल्याला समजूत घालून परत त्याच दारात सोडणार. तिनं आईला ओळखलं होतं ते असं. हे मात्र त्यांना गिळता येईना. लेक मार खात होती आणि तिला आपली आईच विश्वासाची वाटली नाही.

रविवारची वाट बघता आली असती. काही ठाऊक नसल्यासारखं बोलता आलं असतं. सगळे बोलतच होते की.

स्वयंपाकघरातून कागदाची चुरचुर ऐकू आली. सारजानं परत पुड्या बांधायला घेतल्या होत्या.

बारामतीच्या शाळेची मधली सुट्टी व्हायला आली होती. शिपायाला सांगायचं, चिडून नाही, शांतपणे, दिपाली बाईंना बोलवा, त्यांच्या आईचा फोन आहे. का लपवलंस, हे आज विचारायचं नाही. ते विचारल्याशिवाय राहवणार नाही, पण आज नाही. एवढंच म्हणायचं, मी संध्याकाळच्या गाडीनं येतेय, एकटीच, तुला कुठंही परत सोडायला नाही.

द्वारकाबाईंनी रिसीव्हर उचलला.