ट्रॅक्टर जागेवर थांबेना

आमच्या ताईला सगळा दवाखाना कप्तान म्हणायचा आणि ती ते ऐकून चांगली फुगायची. मी म्हणायचे, "अगं बाई, ट्रॅक्टरवर बसून गवत कापतेस तू, जहाज नाही चालवत." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "तू तुझी पातेली घास." मी त्याच दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होते, त्यामुळे मला गप्प बसावं लागायचं. तशी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही, पण ताईपुढे माझंच काय, कुणाचंच काही चालायचं नाही.

ट्रॅक्टरवर बसण्याआधी ती दवाखान्याच्या लॉन्ड्रीत होती. खिडकी नाही, दिवसभर वाफ, आणि चादरी. धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या, त्या वॉर्डात जायच्या, मळून परत यायच्या, की पुन्हा घड्या. घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. पुढे आवारात गवत कापणारा म्हातारा ड्रायव्हर काम सोडून गेला. त्याच्या खटारा ट्रॅक्टरला कुणी हात लावेना. ही सरळ उठली आणि साहेबांपुढे जाऊन उभी राहिली, "मी चालवते." साहेब हसले. हिने त्याच दिवशी पुढचं सगळं मैदान कापून दाखवलं. गुलाबाचा एक वाफा आडवा केला, पण त्याचं काय एवढं! त्या संध्याकाळी तिचं तोंड उन्हाने लालबुंद झालं होतं आणि ती जेवताना सारखी एकटीच हसत होती.

दाजींशी, म्हणजे ताईच्या नवऱ्याशी, तिचं लग्न झालं तेही या ट्रॅक्टरपायीच. दाजी दवाखान्याचे पंप, लिफ्ट, जनरेटर बघायचे. ट्रॅक्टर बंद पडला की ताई त्यांच्या नावाने शंख करायची आणि ते निमूट पाना घेऊन यायचे. शेवटी म्हणाले, रोज ओरडून घ्यायचंच आहे तर घरी तरी या. एवढं मोठं वाक्य ते त्यानंतर कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

एके दिवशी ट्रॅक्टरने बाकाला धडक दिली. त्या बाकावर एक म्हातारे पेशंट ऊन खात बसले होते. ताई ट्रॅक्टर समोर थांबवून, इंजिन चालू ठेवून, माळ्याशी बोलत होती. ट्रॅक्टर हळूहळू पुढे सरकला आणि बाक मागे रेटायला लागला. म्हातारबाबा काठी टाकून ओरडले. ताईने ब्रेक दाबला म्हणून निभावलं. बाबांना खरचटलंही नाही, पण बोभाटा व्हायचा तो झालाच.

"मी पेडलवरून पाय काढला होता," ताई साहेबांना सांगत होती. "मशीन आपोआप सरकलं."

साहेब म्हणाले, "सोमवारी मी स्वतः येऊन बघणार. जागेवर थांबला तर ठीक, नाहीतर ट्रॅक्टर भंगारात. आणि तुम्ही परत लॉन्ड्रीत."

त्या रात्री ताईने ताटाला हात लावला नाही. मी रागावले तर म्हणाली, "मला त्या वाफेत परत नाही जायचं. मरेन मी तिथे." ताईच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी उगाच भांडी आदळत राहिले.

दाजी एवढंच म्हणाले, "मशीनच आहे ना. करू नीट."

त्या ट्रॅक्टरला गियर नव्हते. आत तेलाच्या दाबावर सगळं चालायचं. उजव्या पायाशी एक पेडल. चवड्याने दाबलं की पुढे, टाचेने दाबलं की मागे, आणि सोडून दिलं की ते मधोमध येऊन थांबायचं, म्हणजे न्यूट्रल. पेडलपासून मागच्या पंपाच्या दांडीपर्यंत एक सळी जायची. तिचा नट फिरवला की ती लांब किंवा आखूड व्हायची. सळी जरा जरी चुकीची बसली, तर पाय काढल्यावरही ट्रॅक्टर गोगलगायीसारखा सरकत राहतो. जुन्या मशीनला हे दुखणं असतंच, असं दाजी म्हणाले. त्यामुळे ताईचं म्हणणं त्यांना लगेच पटलं. मलाही पटलं. कुणालाही पटलं असतं.

रविवारी दुपारी आम्ही तिघं शेडमध्ये. दाजींनी मागची चाकं जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे लावले. गवत कापायची पाती सोडवून बाजूला ठेवली. इंजिन चांगलं तापू दिलं, कारण थंड तेलावर जमवलेलं माप तेल तापलं की बिघडतं. मग खाली आडवे होऊन नट फिरवायला लागले. अधांतरी चाकं फिरत होती, हळू झाली, आणखी हळू झाली, आणि थांबली. दाजींनी हाताने पेडल पुढे दाबून सोडलं, मागे दाबून सोडलं. चाकं दर वेळी जागच्या जागी थांबली.

"झालं," दाजी म्हणाले. "बस आता."

ताई चढून बसली. चाकं फिरायला लागली.

"पाय काढ पेडलवरून."

"काढलाय हो!"

दाजी पुन्हा खाली गेले. थोडा नट इकडे, थोडा तिकडे. ताई उतरली की चाकं बंद, ताई बसली की चालू. दाजींनी डोकं खाजवलं. म्हणाले, वजनामुळे सीटखालची पट्टी वाकत असेल आणि सळी ओढली जात असेल. मला म्हणाले, "तू बस बरं."

"म्हणजे काय, मी जाड आहे म्हणून?"

"हो," दाजी म्हणाले.

कपाळ माझं! पण खोटं कुठे होतं? माझं वजन ताईच्या दीडपट. मी चढून बसले, दोन्ही पाय नीट बाजूला ठेवले. चाकं ढिम्म. मी मुद्दाम इकडे रेलले, तिकडे रेलले, सीटवर उड्यासुद्धा मारल्या. चाकं ढिम्म.

ताई हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "ही कशीही बसते. मी उजवीकडे कलून बसते ना, म्हणून होत असेल."

"असेल," दाजी म्हणाले. त्यांनी सळीच्या टोकाचं झिजलेलं बुश, म्हणजे भोकातली छोटी नळी, काढून नवीन बसवलं, पुन्हा सगळं माप घेतलं. घाम निथळत होता. मला वाटलं म्हणावं, दाजी, मशीनचं काही चुकत नाहीये. शब्द अगदी तोंडापर्यंत आले. पण ताई बाजूला उभी राहून दाजींच्या हाताकडे असं बघत होती, जसं ऑपरेशनच्या खोलीबाहेर लोक दाराकडे बघतात. मी तोंड मिटून घेतलं.

ताई पुन्हा चढली. चाकं पुन्हा फिरली.

या वेळी दाजी नटाकडे गेलेच नाहीत. खाली पडल्या पडल्या त्यांनी पंपाच्या दांडीवर हात ठेवला. दांडी मधोमध नव्हती, पुढे दाबलेली होती. तिथून ते सळी चाचपत चाचपत पुढे आले, पेडलपर्यंत. मी त्याच बाजूला उभी होते. ताईच्या बुटाचा चवडा पेडलवर होता. नुसता टेकलेला नव्हता, पायाचं सगळं वजन त्यावर होतं. दाजींनी बुटावर हात ठेवला. मग जरा दाबला. मग बुटाच्या वर, घोट्यापाशी, जोरात चिमटा काढला.

ताई समोर बघत होती. म्हणाली, "झालं का हो?"

मला मागचं एकेक आठवायला लागलं. एकदा ती बाजारातून एकाच पायात चप्पल घालून घरी आली होती. दुसरी कुठे पडली ते तिला कळलंच नव्हतं. आम्ही तिघं हसून हसून बेजार झालो होतो. एकदा खिळा तळवा फोडून आत गेला, मोजा रक्ताने चिकटला, तरी ही दिवसभर गवत कापत होती. आम्ही म्हटलं, काय सहनशक्ती आहे बाईची! तिला साखरेचा आजार होता. साखरेने पाय बधिर होतात, ते पुन्हा जागे होत नाहीत, हे दवाखान्यात भिंतीभिंतीवर लिहिलेलं. आणि आम्ही तिघं त्याच भिंतींमध्ये राबत होतो! कुणाला शिव्या घालाव्यात तेच कळेना.

दाजींनी तिचा पाय घोट्याला धरून अलगद उचलला आणि पेडलच्या बाजूला अधांतरी धरून ठेवला. पेडल वर आलं. चाकं मंद झाली आणि थांबली.

"थांबलं!" ताई टाळ्या वाजवत ओरडली. "थांबलं की नाही? मी सांगत नव्हते मशीनचाच दोष आहे म्हणून? त्या साहेबाला म्हणावं ये आता सोमवारी. ये आणि बघ म्हणावं!" तिने स्टिअरिंगवर थाप मारली. तिचं तोंड त्या पहिल्या दिवसासारखं लाल झालं होतं, आणि मला ते बघवेना.

दाजी खालून बाहेर येईनात. पायही सोडेनात. सोडला असता तर तो परत पेडलवरच पडला असता.

"अहो, या ना बाहेर! ठोकळे काढा, मैदानात एक चक्कर मारून येते." ताई माझ्याकडे वळून हसली. "काय गं, झोपले की काय तुझे दाजी?"

दाजींनी खालूनच माझ्याकडे बघितलं. सांगू नकोस, असंही त्या नजरेत होतं आणि तूच सांग, असंही होतं. माझा राग, माझं फटकळ तोंड, जन्मभर मिरवलेलं, त्या वेळी काही कामाला येईना.

"ताई," मी म्हणाले, "जरा खाली बघ."

"काय आहे?" म्हणत ती वाकली. तिने बघितलं. किती तरी वेळ ती नुसती बघत राहिली, तो पाय आणि तो हात दुसऱ्याच कुणाचे असावेत तशी. मग तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"कधीपासून धरलाय तुम्ही?" तिने दाजींना विचारलं.