नांदेडच्या विमानातली पंगत

विमान का उडतं, हे मी लातुरात तीस वर्षं शिकवलं. पंखावरून हवा जोरात जाते, खालून हळू जाते, वर दाब कमी, खाली जास्त, झालं, उडालं. फळ्यावर पंख काढायचो, बाण काढायचो आणि "हमखास येणारा प्रश्न" म्हणून खाली दोन रेघा ओढायचो. मी स्वतः मात्र साठी गाठेपर्यंत विमानात पाय ठेवला नव्हता. पोहता न येणाऱ्यानं विहिरीच्या काठावर उभं राहून सूचना द्याव्यात, तसा माझा सगळा कारभार होता.

लातूर काय चीज आहे, ते बाहेरच्या माणसाला आधी सांगायला हवं. आमच्याकडे पोराचा क्लास त्याच्या बारशाआधी ठरतो. डॉक्टर व्हायचं. नाही जमलं तर इंजिनियर. तेही नाही जमलं तर कुणी विषय काढला की चहा टाकायला आत जायचं. त्यात मी क्लासचा मास्तर. माझी एकुलती एक मुलगी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत दोनदा आपटली. फिजिक्समध्येच आपटली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिनं तिसऱ्यांदा बसायचं, असं मी ठरवलं. मी ठरवलं म्हणजे घरानं ठरवलं, अशी आमची पद्धत. एका दुपारी जेवताना ती म्हणाली, "अप्पा, मी एअर होस्टेसचा कोर्स करणार आहे. हैदराबादला. फॉर्म भरलाय."

"वाढपी होणार?" मी म्हणालो. "एवढं शिकवलं ते लोकांचे उष्टे पेले उचलायला?" आणखीही बरंच बोललो. ते इथं लिहीत नाही, कारण बायको हे वाचणार आहे आणि तिला ते सगळं पाठ आहे.

बायको तेव्हा एकच वाक्य बोलली. "तुम्ही स्वतः गल्लीतल्या प्रत्येक लग्नात बुंदीची बादली घेऊन फिरता की." खरं होतं. आम्हा लिंगायतांच्या लग्नात पंगतीला वाढणं हा मान असतो. घरची, भावकीतली माणसं वाढतात. कुणी ताटावर हात आडवा धरला तर तो बाजूला सारून वाढतात. आग्रह करण्यात माझा हात धरणारा उभ्या लातुरात कुणी नाही. पण पगार घेऊन वाढणं वेगळं, असं मी म्हणालो. का वेगळं, ते सांगता येईना, म्हणून आवाज चढवला.

पोरगी गेली. कोर्स केला, एका विमान कंपनीत लागली. मी बोलणं टाकलं. रविवारी आईच्या फोनवर तिचा फोन यायचा. मी पलीकडच्या खोलीत पेपर उघडून बसायचो आणि तासभर एकच पान वाचायचो. गल्लीत कुणी विचारलं तर सांगायचो, "हैदराबादला बी.एस्सी. करते." चौदा महिने मी हेच सांगत होतो.

त्याच काळात खासगी विमानांचं पेव फुटलं होतं. पूर्वी विमान म्हणजे मंत्री आला की दिसणारी वस्तू. मग कंपन्या आल्या, त्या अगदी आमच्या क्लाससारख्या. एकानं पाटी लावली, त्याचं चाललेलं पाहून शेजारी दुसऱ्यानं, मग दोघांची माणसं फोडून तिसऱ्यानं. बंदही तशाच पडल्या. लातूरला विमानतळ आहे. धावपट्टी आहे, कुंपण आहे, पाटी आहे, फक्त बसायला विमान नाही. नांदेडची सेवा सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. त्यामुळे नांदेडचा माणूस आधी "सध्या हाय का?" असं विचारतो आणि मगच तिकिटाचं बघतो.

माझा मेहुणा अर्धापूरचा, केळीवाला. एक दिवस त्याचा फोन आला. "दाजी, नांदेडहून बेंगळूरचं विमान परत चालू झालंय. अन् आपली पोरगी त्याच्यावरच हाय! येत्या रविवारी! मला तिनंच सांगितलं."

बेंगळूरला माझ्या थोरल्या बहिणीच्या पणतूचं बारसं होतं. ही आमची आक्का, उदगीरची, अर्धी मराठी, अर्धी कानडी आणि पूर्ण हुकूमशहा. तिनं फर्मान काढलं की बारशाला विमानानंच जायचं, पोरीच्याच विमानानं. मी आक्काला सोबत म्हणून निघालो. हे मी घरात तीनदा मोठ्यानं सांगितलं. कुणी विचारलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी, बायको आणि आक्का लातुराहून नांदेडच्या विमानतळावर पोचलो. मेहुणाही आमच्याबरोबर बारशाला यायचा होता, तो आधीच येऊन उभा होता, हातात केळीच्या चार फण्या. "पोरीच्या सायबाला द्यायला," म्हणाला. आक्काजवळ धपाट्यांचा आणि शेंगाचटणीचा डबा होता. तपासणीच्या जागी आक्काच्या गळ्याशी यंत्र किणकिणलं. पोलीस बाईंनी विचारलं, काय आहे. आक्कानं लुगड्याच्या आतून चांदीची डबी दाखवली. "लिंग हाय माझं. बारशापासून गळ्यातून उतरलं न्हाई. तुमच्यासाठी उतरवू व्हय?" बाईंनी डबीला नमस्कार केला आणि आक्काला पुढं सोडलं. पिशवीतली खोबऱ्याची वाटी मात्र काढून घेतली. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, हे मी आक्काला शास्त्रीय कारणांसह समजावलं. आक्का म्हणाली, "तू गप."

विमान लहान होतं, पंख्याचं, आणि जुन्या एस्टीसारखं मागच्या दारानं चढायचं. दारात माझी मुलगी उभी होती. केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात रुमाल, ओठांना लाली. मला आधी ओळखूच आली नाही आणि मग एकदम आली. आक्का आमचा लिंगायती नमस्कार करत म्हणाली, "शरणार्थ, यव्वा!" मुलगी हसली, आईच्या हाताला हळूच हात लावला. मग माझ्याकडं बघून हात जोडले.

"नमस्कार सर. तुमची सीट बारा नंबर."

आयुष्यभर मला सगळ्यांनी सर म्हटलं, त्यात तिचा आवाज कधीच नव्हता. मी "हं" म्हणालो आणि बारा नंबरवर जाऊन बसलो.

दार लागल्यावर ती मधल्या वाटेत उभी राहून पट्टा कसा लावायचा, मास्क कसा ओढायचा ते दाखवू लागली. एकही माणूस बघत नव्हता. माझ्या मागं दोन तरुण मोबाइलवर खिदळत होते. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझं डोकं फिरलं. मी वळून ओरडलो, "ए, ठेवा ते खाली! बाई शिकवायल्यात, दिसत न्हाई?" दोघांनी मोबाइल ठेवले. आणखी चार-पाच जणांनीही ठेवले. मुलीनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण पुढचा पट्टा तिनं जरा सावकाश दाखवला.

विमान उडालं. तीस वर्षं फळ्यावर काढलेला पंख खिडकीबाहेर होता आणि मी खुर्चीचे दोन्ही हात आवळून मनातल्या मनात शंकराचा धावा करत होतो.

थोड्या वेळानं मुलगी आणि तिच्या वरिष्ठ बाई पुढून खाण्याची गाडी घेऊन निघाल्या. पाणी, सँडविच, सगळं विकत. आक्काला हे पटेना. "घरात बसवून इकत वाढायलेत?" आणि मग तिचं लक्ष मुलीकडं गेलं. सगळ्या विमानाला वाढायला फक्त दोघी. आक्कानं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"पोरगी एकटी वाढायली अन् तुम्ही पाव्हण्यावानी बसलाव? लोक तोंडात शेण घालतील. ऊठ!"

आमच्याकडं हा कायदाच आहे. घरची पोर वाढत असेल तर घरच्या पुरुषानं पंगतीत बसून राहायचं नसतं. पट्ट्याचा दिवा विझलेला होता. मेहुणा केळी घेऊन उठला, त्याच्यामागं डबा घेऊन मी. मागच्या रांगेपासून सुरुवात केली. "घ्या, अर्धापूरची केळी हायत." "धपाटं घ्या, घरचंय. अहो, एकानं काय होतंय?" आधी लोक दचकले, मग हात पुढं आले. मोबाइलवाल्या पोरांनी तर दोनदा घेतलं. मी विसरूनच गेलो की हे विमान आहे. खरं सांगतो, चौदा महिन्यांत मी इतका खूश झालो नव्हतो. मी माझ्या पोरीच्या हाताखाली काम करत होतो.

गाडीपलीकडून ती म्हणाली, "सर, प्लीज जागेवर बसा."

आता इथं माझी चूक झाली. लग्नात मदतीला उठलेल्या माणसाला घरधनी म्हणतोच, "राहू द्या, तुम्ही बसा." त्यावर बसतो तो माणूस अडाणी. मी हसून हात हलवला आणि पुढच्या रांगेत वाढू लागलो. ती पुन्हा म्हणाली, "सर, बसा." मला वाटलं, लेक संकोचायली.

तेवढ्यात पट्ट्याचा दिवा टिंग करून लागला आणि विमान खड्ड्यात गेल्यासारखं खाली आलं. मी एका गृहस्थाच्या मांडीवर बसलो. त्याचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट छातीपासून पोटापर्यंत शेंगाचटणीनं लाल झाला. मेहुणा फणीसकट गुडघ्यावर आपटला. कुणी तरी किंचाळलं.

"बसा खाली! आत्ता! पट्टा लावा!"

तो आवाज माझा होता, म्हणजे वर्गातला. निघाला मात्र तिच्या तोंडून. मी हजारो पोरांना असं बसवलं आहे. मला असं कुणी बसवलं नव्हतं. मी बसलो. तिनं येऊन माझा पट्टा ओढून पाहिला, मेहुण्याला उचलून जागेवर टाकलं, आक्काची मान सरळ केली आणि स्वतःच्या खुर्चीवर जाऊन बसली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिची नोकरी वाढायची नाही. वाढणं हे तिचं फावल्या वेळातलं काम आहे.

बेंगळूरला उतरल्यावर शर्टवाला गृहस्थ उठेना. त्याला लेखी तक्रार करायची होती, माझी नाही, त्या मुलीची. "प्रवासी वाटेत फिरत होते, हिनं थांबवलं का नाही?" लोक उतरून गेले. वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी माझ्याकडं बोट दाखवून मुलीला विचारलं, "आप इन्हें जानती हैं?"

मुलगी ताठ उभी होती. "नहीं मॅम. पॅसेंजर हैं."

मला राग नाही आला, लाज वाटली. मी चौदा महिने गल्लीत जे करत होतो तेच तिनं एका वाक्यात केलं, आणि तिला निदान नोकरी वाचवायची होती. मला काय वाचवायचं होतं? दोनदा नापास झालेल्या पोरीच्या बापाचं नाक.

"मी बाप आहे हिचा," मी म्हणालो. मग हिंदीत म्हणालो, मग इंग्रजीत म्हणालो, कारण त्या बाई तमिळ होत्या आणि मला कुठलीही फट ठेवायची नव्हती. "हिनं मला दोनदा बसायला सांगितलं. मी ऐकलं नाही. कागद द्या."

पोरांकडून मी आयुष्यात शेकडो माफीनामे लिहून घेतले. स्वतः पहिलाच लिहिला. मी, बारा नंबरचा प्रवासी, या मुलीचा बाप, हिनं स्पष्ट बजावूनही वाटेत उभा राहिलो; हिची काही चूक नाही. खाली सही केली. गृहस्थानं तो वाचला, माझ्याकडं पाहिलं, शर्टाकडं पाहिलं. "बाप हाय म्हणून सोडतो," म्हणाला आणि तक्रार न देता उतरून गेला. वरिष्ठ बाईंनी कागदाची घडी करून खिशात घातली.

विमान अर्ध्या तासात परत नांदेडला निघणार होतं. मुलगी दारात उभी होती, पुढच्या लोकांसाठी पुन्हा लाली लावून. बायको, आक्का आणि मेहुणा खाली उतरले. मी शेवटी होतो. मला बरंच काही बोलायचं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच, "जेवलीस का?"

"ड्यूटी संपल्यावर जेवेन," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अप्पा, पोचल्यावर फोन करा. आईच्या फोनवरून नको."

मी हो म्हणालो आणि जिना उतरलो. खाली बस उभी होती. बसमध्ये मी फोन काढला. तिचा नंबर माझ्याकडं नव्हता. जुना मी रागाच्या भरात पुसून टाकला होता आणि नवा कधी घेतलाच नव्हता. मी बायकोला विचारला. तिनं मान वळवली नाही, स्वतःचा फोनही काढला नाही. दहाही आकडे तिनं तोंडपाठ सांगितले, एकेक करून, माझी बोटं ते टिपू शकतील इतक्या हळू.