एटापल्लीची कोरी नस्ती

सरकारी नोकरीत किस्से जमवावे लागत नाहीत. निवृत्तीच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करायला गेलं, की टाचण्या आणि वाळलेल्या स्टॅम्प पॅडच्या खाली तेच निघतात. माझ्या खणातले बरेचसे एकाच संगणकाचे होते.

कार्यालय गडचिरोलीचं, कुठलं ते सांगत नाही. साल दोन हजारच्या पुढचं. दहावीच्या परीक्षार्थींच्या याद्या तालुक्यांनी टेलिफोनच्या तारेवरून या संगणकात टाकायच्या आणि आम्ही त्या विभागीय कार्यालयाला पाठवायच्या, एवढंच त्याचं काम. त्याच्यावर लिनक्स होतं. ते काय असतं हे कार्यालयात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही तो माझ्याकडे सोपवण्यात आला, कारण प्लग माझ्या टेबलाजवळ होता.

*

पहिल्याच दिवशी फाइली घेणारी सेवा सुरू होईना. नागपूरहून आलेल्या तरुण इंजिनिअरने दोन तास काळ्या पडद्यात डोकं घातलं. शेवटी एक ओळ सापडली. 'सुरू' असं लिहायची तिथे सोयच नव्हती. 'बंद' या शब्दापुढे 'हो' होतं, ते 'नाही' करायचं होतं.

तो ओशाळून म्हणाला, "जरा उलटी पद्धत आहे, काका."

मी म्हटलं, "उलटी कुठे? आमच्याकडेही 'मंजूर' कोणी लिहीत नाही. 'हरकत नाही' असंच लिहितात."

*

सेवा सुरू झाली. इंजिनिअरने त्याच संगणकावरून त्याच संगणकाला एक फाइल पाठवली. पोचली. परत मागवली. आली. पण शेजारच्या खोलीतल्या संगणकाला मात्र तो ओळख देईना. बाहेरच्या कोणालाही आत सोडू नये, असा त्याच्या दाराशी पहारा होता म्हणे.

साहेब येऊन उभे राहिले. "म्हणजे स्वतःला विचारलं की सगळं ठीक सांगतो?"

"हो सर."

"मग मासिक अहवालात 'सुरळीत' लिहून टाका. पहारा काय, उद्या काढा."

*

आता रहीमभाई. आमच्या रेकॉर्डरूमचे राखणदार, गावातल्या जिल्दसाजांच्या, म्हणजे वह्या-पुस्तकं बांधणाऱ्यांच्या, घराण्यातले. त्यांच्याकडे फाइल मागायची तर पूर्ण नाव सांगावं लागे. "आत काय काय आहे?" असं विचारलं की चष्मा कपाळावर जाई आणि उत्तर मिळे, "काय पाह्यजे ते सांगा. असन तं देतो."

एकदा साहेबांनी मला फर्मावलं, संगणकात आलेल्या सगळ्या फाइलींची यादी तालुक्यांना बाहेरून दिसली पाहिजे. मी इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, ही साधी सेवा आहे, यादी दाखवत नाही. नेमकं नाव सांगून मागितलं तरच देते, अक्षर चुकलं तर नाही म्हणते, आणि वस्तू पोचल्याची पावतीही धड देत नाही.

मी हे शब्दशः साहेबांना सांगितलं. साहेब संगणकाकडे बघून म्हणाले, "हा रहीमभाईंचा कोण लागतो?"

रहीमभाईंना हे कळलं तेव्हा त्यांना राग आला नाही. उलट त्या दिवसापासून सकाळी येताना ते संगणकावरची धूळ फडक्याने पुसू लागले.

*

त्याआधी, संगणक बसवून परत जाताना, इंजिनिअरने एकेका तालुक्याला फोनवर घेऊन चाचणी केली होती. आरमोरी झालं, चामोर्शी झालं, सिरोंचाही झालं. एटापल्लीचा फोन त्या दिवशी मेलेला होता. जंगलात कुठेतरी तारेवर झाड पडलं होतं. "बाकीच्यांसारखंच आहे, काका, होऊन जाईल," म्हणत त्याने दहा-बारा आज्ञांची एक चिठ्ठी माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि नागपूरची बस पकडली.

याद्या येऊ लागल्या. धानोऱ्याची अर्धीच आली आणि आम्हाला दोन दिवस पत्ता नव्हता. तेव्हापासून साहेबांनी नियम केला, की आलेली यादी फोनवर वाचून दाखवायची आणि पलीकडच्याने होकार द्यायचा.

*

शेवटच्या दिवशी सगळ्या तालुक्यांच्या याद्या आल्या होत्या, एटापल्ली सोडून. पाच वाजता विभागीय कार्यालय याद्या घेणं बंद करणार होतं. ज्यांची नावं जाणार नाहीत त्यांना हॉलतिकीट नाही.

तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक माडावी सर सकाळपासून तालुक्याच्या कार्यालयात ठाण मांडून होते. सूरजागडच्या पायथ्याची शाळा, दहावीची पहिलीच तुकडी, तेवीस पोरं. दर अर्ध्या तासाने ते यादी पाठवत, अडत, आणि मग मला फोन करत.

"बाबूजी, तुमची मशीन म्हणते फाइल सापडत नाई."

"कोणती फाइल?"

"मी पाठवून राह्यलो तीच! फाइल माह्यासमोर हाये. मी द्यायले आलो अन् हे म्हणते सापडत नाई. काऊन असं?"

इंजिनिअर भंडाऱ्याकडे कुठेतरी फिरतीवर होता. मी संगणक बंद करून सुरू केला. पहारा पाहिला, काढलेलाच होता. 'बंद' पुढे 'नाही' होतं. स्वतःला विचारलं तर सगळं सुरळीत होतं.

चार वाजता माडावी सरांचा आवाज खाली आला. "बाबूजी, दहावीतल्या मैनाचा बाप माह्या बाजूले बसून हाये. काल निघाला पायी. म्हणते, नाव गेलं तं पोरगी शाळेत राहीन, नाई तं आजच घरी घेऊन जातो. एकदा नेली तं ते परत येत नाई. त्याले मराठी येत नाई, मी गोंडीत किती वेळ थांबवू?"

मी फोन ठेवला. साहेब दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. रहीमभाई फडकं घेऊन उभे होते.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"फाइल सापडत नाही म्हणते. अहो, नवी फाइल येतेय, ती आधीच कशी सापडेल?"

रहीमभाईंनी चष्मा कपाळावर नेला. "एटापल्लीची नस्ती उघडली हाये का?"

"म्हणजे?"

"बाबूजी, तुमी मले कागद आणून देता. आधी त्या नावाचं कोरं कव्हर नसन तं मी कागद घेतो काय? वापस पाठवतो. यानं आरमोरीचं घेतलं, सिरोंचाचं घेतलं. त्यांचं कव्हर कोणं उघडलं?"

मी काचेखालची चिठ्ठी ओढली. सातवी आज्ञा: दिलेल्या नावाची रिकामी फाइल तयार करणे. आठवी: तिच्यात सर्वांना लिहिण्याची मुभा देणे. चाचणीच्या दिवशी त्या इंजिनिअर पोराने प्रत्येक तालुक्यासाठी हे केलं होतं. एटापल्लीचा फोन मेलेला होता.

मी एका बोटाने दोन्ही आज्ञा टाइप केल्या. रहीमभाई प्रत्येक अक्षर मागून वाचत होते. मग माडावी सरांना फोन लावला. "सर, पाठवा."

पाच मिनिटं गेली. मग फोन वाजला.

"बाबूजी, या वक्ती काहीच म्हटलं नाई तिनं. गेली का?"

मी आलेली फाइल उघडली. पडदा अक्षरांनी भरला. पाचला पंचवीस मिनिटं होती. पुढे धाडायला दहा पुरली असती. नियमाप्रमाणे मी वाचू लागलो. पहिलं नाव घेतलं आणि पलीकडून माडावी सर, जन्माची सवय, म्हणाले, "हजर."

दुसरं. "हजर."

असे बावीस झाले. आणि पडदा संपला.

"बाबूजी? बावीस झाले. मैना राह्यली."

मी वरून खालपर्यंत पुन्हा पाहिलं. मैना नव्हती. फोन तसाच धरून राहिलो.

रहीमभाईंनी फडक्याच्या टोकाने पडद्याची सगळ्यात खालची ओळ दाखवली. "इथी काहीतरी लिवलं हाये. पान पलटवा ना."

मी लांब बटण दाबलं. एक ओळ वर सरकली.

"मैना लालू पुंगाटी," मी वाचलं.

पलीकडे गोंडीत काहीतरी पुटपुट झाली, फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यासारखी खरखर झाली, आणि विडीने जाड झालेल्या, मी कधीच न ऐकलेल्या आवाजात कोणीतरी म्हणालं,

"हजर."